प्लाउमन्स लंच घरी मांडताना चीज आधी बाहेर काढा

इंग्लंडमधल्या पबात मिळणारं प्लाउमन्स लंच म्हणजे पाव, चीज, लोणी, व्हिनेगरमधले कांदे. शिजवायचं काहीच नसतं, तरी घरी केलं की चव फिकी लागते. कारण बहुतेक वेळा एकच: चीज थेट फ्रीजमधून ताटात येतं.

१. जेवणाच्या तासभर आधी चीज बाहेर काढा, वेष्टनासकट, म्हणजे कडा सुकत नाहीत. माणशी ८० ते १०० ग्रॅम जाड तुकडा. चेडर चीज जुनं, चांगलं मुरलेलंच घ्या. कोवळं चेडर लोणच्यापुढे टिकत नाही. चकत्या करू नका, तुकडा ज्याने त्याने कापून घ्यावा, त्यातच मजा आहे. लोणीही तेव्हाच काढा.

२. व्हिनेगरमधले छोटे कांदे बरणीतले नसतील, तर लाल कांदा पातळ चिरून माल्ट व्हिनेगर, चिमूट मीठ आणि चमचाभर साखरेत अर्धा तास ठेवा. काम भागतं.

३. पाव कालचा असेल, तर वरच्या कडक सालीला पाण्याचा हात लावून १८० अंशांच्या ओव्हनमध्ये सहा-सात मिनिटं. साल पुन्हा कुरकुरीत होते.

४. सफरचंद सगळ्यात शेवटी चिरा. सोबत सेलरीचा दांडा आणि भाज्यांचं ते गडद, आंबटगोड ब्राउन पिकल. ते मात्र चीजला चिकटू न देता वेगळ्या वाटीत.

हॅम किंवा पोर्क पाय (डुकराच्या मांसाचं सारण भरलेला, भाजलेला पाय, म्हणजे इंग्रजी ‘pie’) ठेवणार असाल, तर ते चीजबरोबर बाहेर काढून ठेवू नका. वाढायच्या क्षणापर्यंत फ्रीजमध्येच राहू द्या.