१.८ टर्बोला बूस्ट वाढवायच्या आधी स्टॉक कनेक्टिंगचा हिशोब असा करा

जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस घेतली की पहिला प्रश्न ठरलेला, बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवला तर स्टॉक कनेक्टिंगवर, म्हणजे कंपनीनेच बसवलेल्या कनेक्टिंग रॉडवर, किती एचपी (हॉर्सपॉवर) जातील? राव, पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या या रॉडला एचपी कळतच नाही, त्याला कळतो तो पिस्टनवरून येणारा दणका, आणि हा दणका टॉर्कच्या (इंजिनाच्या पिळाच्या) मागे मागे वाढतो. मी इथे २० व्हॉल्व्हचं १.८ टर्बोच धरतो, कारण औरंगाबादजवळच्या शेंद्र्याच्या प्लँटमधून निघालेल्या आरएसला तेच इंजिन होतं, १५० पीएस (जवळजवळ एचपीच) आणि २१० एनएम (न्यूटन-मीटर, टॉर्कचं माप), आणि जगभरच्या लोकांनी त्याचे रॉड इतके वाकवलेत की हद्द कुठे आहे हे आता बऱ्यापैकी माहीत झालंय.

आधी थोडी आकडेमोड. बोअर (सिलेंडरचा व्यास) ८१ मिमी, म्हणजे पिस्टनच्या डोक्यावर जळणाचं प्रेशर १०० बार झालं की रॉडवर साधारण सव्वापाच टन दाब येतो. एका रॉडवर, आणि प्रत्येक पॉवर स्ट्रोकला. उलट ७००० आरपीएमला पिस्टन वर जाऊन थांबतो आणि परत खेचला जातो तेव्हा रॉडला ताण बसतो, पिस्टन, रिंगा, गजन पिन (पिस्टन रॉडला जोडणारी), रॉडचं वरचं टोक मिळून अर्धा किलो धरलं तर हा ताण जेमतेम दीड टन. मग टर्बोत रॉड तुटण्याआधी वाकतो का, तर म्हणूनच. ताणाचा त्रास रॉडपेक्षा बोल्टांना जास्त, आणि तोही आरपीएम वाढवत नेलं तर, कारण आरपीएम दुप्पट म्हणजे ताण चौपट.

आता मुद्द्याचं. ३०० पीएस ६५०० आरपीएमला काढले तर टॉर्क लागतो साधारण ३२५ एनएम. तेच ३०० पीएस ४५०० ला काढायला गेलात तर ४७० च्या जवळ. पॉवर तीच, पण पहिली गाडी वर्षानुवर्षं चालेल आणि दुसरीचा रॉड कधीतरी केळ्यासारखा होईल. स्टॉक रॉड साधारण ४०० एनएमच्या आसपास धोक्यात येतात असा सर्वसाधारण अनुभव आहे, मी स्वतः ३५० ला थांबतो, कारण नॉकिंगचा (पेट्रोल अवेळी भडकण्याचा) एखादा दणका हिशोबात धरलेलाच नसतो आणि तो येतोच.

ट्यूनरला काय सांगायचं? ३५०० च्या खाली बूस्ट दाबून ठेव, टॉर्कचा डोंगर नको, सपाट पठार दे, टॉर्क लिमिट ३५० ला लाव. थोडा मोठा, उशिरा जागा होणारा टर्बो इथे छोट्यापेक्षा दयाळू असतो. पेट्रोल चांगलं टाका, पुण्यामुंबईत १०० ऑक्टेन मिळतं, महाग आहे पण इंजिनकामाच्या बिलापेक्षा स्वस्तच. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सवय, खंडाळ्याच्या घाटात पाचव्या गियरला २००० आरपीएमवर गाडी असताना पूर्ण ॲक्सिलरेटर दाबायचा नाही, गियर खाली घ्यायचा. रॉडला सगळ्यात जास्त मारणारी गोष्ट हीच आहे आणि लोकांना तर ती गाडीची ताकद वाटते!

रॉड आधीच वाकलाय का हे कसं बघायचं, तर इथे बरेच जण फसतात. कॉम्प्रेशन टेस्टवर विसंबू नका. वाकलेला रॉड आखूड होतो, पण त्यामुळे पिस्टन पूर्ण १ मिमी खाली बसला तरी कॉम्प्रेशन रेशो ९.५ वरून ८.७ च्या आसपास येतो, गेजवर तो फरक "रिंगा थोड्या झिजल्यात" म्हणून निघून जातो. आमच्या एका मित्राच्या गाडीत असंच झालं, तिसऱ्या सिलेंडरचं कॉम्प्रेशन जरा कमी, गॅरेजवाला म्हणाला रिंगा, हेड खोललं तेव्हा तीन पिस्टन एका रेषेत आणि तिसरा बोटाने चाचपला तर नख अडकेल एवढा खाली. खालून ठकठक येत होती ती पिस्टनचा स्कर्ट क्रँकच्या तोल सांभाळणाऱ्या वजनाला घासत होता म्हणून.

त्यापेक्षा चारही प्लग काढा, लांब दांडीचं डायल गेज प्लगच्या भोकातून पिस्टनवर टेकवा, क्रँक हाताने फिरवा, पिस्टन सगळ्यात वर आला की आकडा लिहा, मग पुढचा सिलेंडर. चारही ठिकाणी गेज एकाच पद्धतीने आणि सरळ टेकलं पाहिजे, तिरकं टेकलं तर रीडिंगला काही अर्थ नाही. तीन आकडे जवळजवळ सारखे आणि एक वेगळा आला की समजून जा.

रॉड बदलायचेच असतील तर ४३४० या मजबूत स्टीलचे एच-बीम (एच आकाराच्या छेदाचे) घ्या, लांबी १४४ मिमी. पण ऑर्डर टाकायच्या आधी गजन पिन मोजा, या इंजिनात १९ आणि २० अशा दोन्ही मापाच्या पिना आल्यात, चुकीची आली तर रॉड चकचकीत असतील आणि पिस्टन बसणार नाही. स्टॉक बोल्ट एकदाच वापरायचे असतात, ३० एनएम आणि वर पाव फेरा, परत लावायचे नाहीत. नवीन रॉडबरोबर आलेले एआरपी या कंपनीचे बोल्ट मात्र असे पाव फेऱ्याने नाही घट्ट करत, त्याच कंपनीचं वंगण लावायचं आणि बोल्ट किती लांबला ते मोजत घट्ट करायचे. कॅप कुठल्या रॉडची ते मार्करने लिहून ठेवा, बिग एंडचं (रॉडच्या क्रँककडच्या टोकाचं) क्लिअरन्स ०.०५ मिमीच्या आसपास येतंय का ते प्लास्टिगेजने (दाबून फट मोजायच्या प्लास्टिकच्या दोऱ्याने) बघा, चारही रॉडचं वजन एक-दोन ग्रॅमच्या आत जुळवा.

आणि हो, नवीन रॉडवर ४५० एनएम काढलेत तर स्टॉक क्लच घसरायला लागेल, त्याचं बजेट आधीच बाजूला ठेवा.