बर्फाळ शहरी जंगलातले आवाज कसे टिपावेत

ताजा बर्फ पडला की शहर गप्प झाल्यासारखं वाटतं, पण ते निम्मंच खरं असतं. भुसभुशीत बर्फातल्या हवेच्या पोकळ्या वरच्या पट्टीचे आवाज शोषून घेतात. मोटारींची खोल घरघर मात्र तशीच राहते आणि माइकला ती कानापेक्षा जास्त स्पष्ट ऐकू येते. म्हणून यंत्राआधी जागेचा विचार करा.

टोरांटोचं हाय पार्क घ्या. तिथल्या मराठी मंडळींना सबवेने सहज गाठता येतं. सुमारे १६० हेक्टरचं हे रान. उत्तरेला ब्लूर स्ट्रीट, दक्षिणेला गार्डिनर एक्स्प्रेसवे. टेकाडावर उभं राहिलात तर दोन्हीकडची घरघर पोचते. त्यापेक्षा पूर्वेकडच्या स्प्रिंग क्रीकच्या घळीत उतरा. चढ आडवा आला की रहदारी बरीच दबते. पायवाट मात्र सोडू नका, तिथल्या ओक वृक्षांखालची दुर्मीळ रोपं बर्फाखाली दिसत नाहीत.

दिवस रविवारचा, वेळ पहाटेची. जानेवारीत सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो, त्याआधी तासभर पोचा. वारा ताशी १० किलोमीटरच्या आत हवा. बर्फ थांबल्यावर पहिले काही तास सर्वांत चांगले. थर वितळून पुन्हा गोठला की वर कडक पापुद्रा धरतो आणि तो आवाज शोषण्याऐवजी परतवतो.

रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव फाइलवर लावा. माइकचा स्वतःचा खरखराट १४ डेसिबलपेक्षा जास्त नसावा, नाहीतर शांततेच्या जागी नुसती ‘स्सss’ ऐकू येते. ऑटो लेव्हल बंदच ठेवा: शांतता पसरली की तो गेन, म्हणजे आवाज वाढवण्याचं प्रमाण, चढवत नेतो आणि सुतार पक्ष्याने ठोका दिला की एकदम खाली पाडतो. जवळचा सर्वांत मोठा आवाज रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या वर जाणार नाही इतपत गेन हाताने लावा. लो-कट, म्हणजे खोल स्वर कापणारा फिल्टर, ८० हर्ट्झवर.

थंडीत साध्या अल्कलाइन बॅटऱ्या झपाट्याने मान टाकतात. लिथियमच्या एए बॅटऱ्या न्या आणि जादा जोड आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. माइकवर केसाळ विंडशील्ड हवंच. पण त्यात बर्फ अडकून केस चिकटले की ते वारा अडवत नाही, म्हणून अधूनमधून झटका. ट्रायपॉड रोवण्याआधी पायाने बर्फ दाबून घट्ट करा, नाहीतर तो हळूहळू खचतो आणि प्रत्येक खचण्याचा ‘कट’ फाइलमध्ये येतो. केबल थंडीने ताठरते; तिचा हिसका माइकला बसू नये म्हणून ट्रायपॉडला सैल वेढा देऊन बांधा.

नायलॉनचं जॅकेट सळसळतं, वर लोकरी किंवा फ्लीसचं घाला. साधारण उणे १० अंशांखाली पावलागणिक बर्फ करकरतो. म्हणून बटण दाबा, तारीख, वेळ, तापमान बोलून नोंदवा, दहा-पंधरा मीटर लांब जा आणि वीस मिनिटं जागचे हलू नका.

तेवढ्यात काळ्या टोपीची चिकडी हा चिमुकला पक्षी बहुधा येतोच. तिच्या ‘चिक-अ-डी-डी’मधले शेवटचे ‘डी’ मोजा: धोका मोठा तितके ते वाढतात. तिला धोका किती मोठा वाटतोय, याचा अंदाज त्यावरून येतो.

पार्कातल्याच गोठलेल्या ग्रेनेडियर तळ्याचे आवाज हवे असतील तर संध्याकाळी जा. तापमान झरझर उतरताना बर्फ आकसून तडकतो. त्या थरातून उंच स्वर आधी पोचतात, खोल स्वर मागून, त्यामुळे तडा लांबून ‘प्यूंsss’ असा घसरत येतो. काठाशीच बसा, बर्फावर पाऊल ठेवू नका. इथे लो-कट बंद करायला विसरू नका, खोल स्वरच हवे असतात.

परतताना सर्वांत मोठी चूक होते: गार रेकॉर्डर थेट उबदार घरात नेला की आतबाहेर दव धरतं आणि माइक तडतडू लागतो. बाहेर असतानाच कार्ड काढून घ्या, यंत्र झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा. घरात दोन तास तसंच राहू द्या आणि पिशवीबाहेरचं दव पुरतं सुकल्यावरच झिप उघडा.