कार्डावर स्टिकर होते, तरी पार्वो झाला: कुत्र्या-मांजरांच्या लसीकरणात या चुका टाळा

आमच्या काळूला, कुत्र्याच्या पिल्लाला, पार्वो (रक्ती जुलाबाचा विषाणूजन्य आजार) झाला तेव्हा त्याच्या कार्डावर लशीचे दोन स्टिकर चिकटलेले होते. सकाळी त्याने भाकरी हुंगून सोडून दिली, दुपारी पिवळा फेस ओकला आणि संध्याकाळी पडवीत रक्ताळलेलं पातळ केलं. तो वास एकदा नाकात बसला की जात नाही. पाच दिवस सलाईन लावल्यावर पोर वाचलं. "पण लस दिली होती ना?" घरातल्या प्रत्येकाने विचारलं. दिली होती. तिसरा डोस राहिला होता. त्या आठवड्यात घरात लग्न होतं आणि "आठ-पंधरा दिवसांनी काय बिघडतंय" असं मीच म्हटलं होतं.

नेमकं काय बिघडतं, ते मला तेव्हा डॉक्टरांनी समजावलं. पिल्लू आईचा चीक पितं, त्यातून आईच्या अँटीबॉडी, म्हणजे रोगजंतूंशी लढणारे घटक, त्याच्या अंगात येतात. पहिले काही आठवडे त्याच त्याला सांभाळतात. पण बाहेरून लस आली की त्या तिलाही शत्रू समजून निकामी करतात. या अँटीबॉडी कुणाच्या सहाव्या-आठव्या आठवड्यात उतरतात, कुणाच्या चौदाव्यात, आणि वरून बघून ते कळायला मार्ग नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी लस देत राहायची आणि शेवटचा डोस १६ आठवडे पुरे झाल्यावर द्यायचा. पहिले डोस वाया जाऊ शकतात, हे धरूनच ते वेळापत्रक आखलेलं असतं. खरा भरवशाचा डोस शेवटचा, आणि लोक नेमका तोच टाळतात. पिल्लू तोवर गुटगुटीत झालेलं असतं, घरभर धावत असतं, मग दवाखान्याची आठवण कुणाला राहते?

इथे आणखी एक गोची होते ती वयाची. विकणारा "दोन महिन्यांचं आहे" म्हणून जे हातात ठेवतो ते कैकदा पाच आठवड्यांचंच असतं. तोंड उघडून बघा. दुधाचे दात साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात फुटू लागतात आणि सगळे यायला सहा ते आठ आठवडे लागतात. मागच्या दाढा अजून नीट आल्या नसतील तर "दोन महिने" विसरा. वय चुकीचं धरलं की सगळ्या तारखा अलीकडे सरकतात आणि शेवटचा डोस बाराव्या आठवड्यातच उरकला जातो. कार्ड भरलेलं दिसतं, पिल्लू मात्र उघडंच राहतं.

घरात पार्वो येऊन गेला असेल तर

फिनेलवर विसंबू नका. वास झकास येतो, विषाणूला फारसं काही होत नाही. जागा आधी साबणाने घासून धुवा, मग एक भाग ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, तीस भाग पाण्यात मिसळून फरशीवर घाला आणि दहा मिनिटं तसंच राहू द्या. त्यात फिनेल किंवा अॅसिड मिसळायचं नाही, घातक वायू निघतो. अंगणातली माती अशी धुता येत नाही, आणि हा विषाणू मातीत कित्येक महिने, वर्षभरसुद्धा तग धरतो. तेव्हा त्या घरात लस पुरी न झालेलं दुसरं पिल्लू लगेच आणू नका.

आता याच्या उलटी चूक. शेवटचा डोस होईपर्यंत पिल्लाला खोलीत कोंडून ठेवायचं. तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लू जग ओळखायला शिकतं. या काळात त्याने माणसं, रिक्षा, कुकरची शिट्टी काहीच अनुभवलं नाही तर पुढे ते दिवाळीच्या लवंगी फटाक्यालाही पलंगाखाली जाऊन थरथरतं. कडेवर घेऊन फिरवा, लस झालेल्या ओळखीच्या कुत्र्यांशी खेळू द्या. रस्त्यावर, जिथे भटकी कुत्री विष्ठा करतात तिथे मात्र खाली सोडू नका.

थर्मासातली लस

लस मेडिकलमधून आणून घरीच टोचणारे बरेच आहेत. आमच्याकडेही हे होत असे. काकांनी एकदा रेबीजची लस तालुक्याहून थर्मासात आणली. प्रेमाने आणली, म्हणून थर्मास बर्फाने गच्च भरलेला. झाकण काढलं तेव्हा बाटली बर्फाच्या तुकड्याला चिकटली होती आणि आत तळाशी पांढरा गोळा. काकांनी ती मुठीत धरून वितळवली, हलवली. एरवी दुधाळ दिसणाऱ्या द्रावणात बारीक कण तरंगायला लागले. "काही होत नाही," म्हणून टोचलीसुद्धा.

होतं. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असते. उन्हात, स्कूटरच्या डिकीत ती मरते हे सगळ्यांना ठाऊक आहे. गोठल्यानेही ती वाया जाते, हे फार थोड्यांना माहीत असतं. रेबीजसारख्या लशीत तिचा जोर वाढवायला मिसळलेला घटक गोठला की गुठळ्या धरतो, वितळवून पूर्ववत होत नाही. बर्फ आणि बाटली यांच्यामध्ये कागदाची किंवा कापडाची घडी हवीच. पार्वो आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा आणखी एक विषाणूजन्य आजार) यांची लस कोरड्या भुकटीच्या रूपात येते. ती द्रवात मिसळली की लगेच टोचायची, दुसऱ्या पिल्लासाठी उद्यापर्यंत ठेवायची नाही.

माझं मत विचाराल तर घरी टोचूच नका. दाट केसांच्या कुत्र्याची कातडी चिमटीत धरून सुई खुपसताना ती पलीकडून बाहेर येते आणि लस केसांवर उडते. आपल्याला वाटतं झालं. शिवाय नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या सही-शिक्क्याशिवाय रेबीजचा दाखला होत नाही, आणि महापालिकेच्या परवान्याला तो लागतो. सगळ्यात मोठं कारण रिअॅक्शनचं. क्वचित होते, पण झाली तर काही मिनिटांत होते: तोंड सुजतं, अंगावर गांधी उठतात, उलट्या होतात, हिरड्या पांढऱ्या पडतात, कुत्रं कोसळतं. त्या वेळी इंजेक्शन तयार असलेला माणूस समोर हवा. म्हणून लस झाल्यावर अर्धा तास दवाखान्याच्या बाकावर बसा. घरी आल्यावर एक-दोन दिवस मलूल राहणं, थोडा ताप, टोचल्या जागी वाटाण्याएवढी गाठ, हे चालतं. मांजराची गाठ मात्र महिन्यानंतरही वाढत असेल, दोन सेंटिमीटरहून मोठी असेल किंवा तीन महिन्यांनीही गेली नसेल, तर "जाईल आपोआप" म्हणत बसू नका. क्वचित त्या जागी कर्करोग होतो.

आणि जुलाब, ताप असलेल्या पिल्लाला "आलोच आहोत तर" म्हणून लस देण्याचा आग्रह डॉक्टरांना करू नका. आधी त्याला बरं होऊ द्या.

"आमची मांजर बाहेर जातच नाही"

मांजराच्या संसर्गजन्य जुलाबाचा, म्हणजे पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू पार्वोच्याच कुळातला. तो चपलेला चिकटून घरात येतो, मांजराला उंबरा ओलांडावा लागत नाही. तिची तीन रोगांवरची एकत्रित लस आणि रेबीज, दोन्ही द्यायच्या. एखादं वटवाघूळ घरात शिरलं किंवा खिडकी उघडी राहून मनी दोन दिवस गावभर हिंडून आली, तर त्या दिवशी पश्चात्ताप नको.

रेबीजचा पहिला डोस तीन महिन्यांचं झाल्यावर. त्याआधी दिला असेल तर पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर पुन्हा द्यावा लागतो. वर्षाने बूस्टर, आणि आपल्याकडे पुढे दरवर्षी. लस झालेल्या तुमच्या कुत्र्याला भटकं कुत्रं चावलं तर जखम साबणाने धुऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठा, लस चालू असली तरी पुन्हा डोस लागतात.

माणसांच्या बाबतीत तर फारच ढिलाई दिसते. "आपलाच मोती आहे, खेळता खेळता दात लागला." दात लागून रक्त आलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची. घड्याळ लावा, पंधरा मिनिटं वाटतात त्यापेक्षा बरीच जास्त असतात. हळद, चुना, तिखट काहीही भरायचं नाही. मग दवाखाना. जुनी माणसं अजून "पोटात चौदा इंजेक्शनं" या धास्तीने पोरांचं चावणं लपवतात. ती जुनी लस भारतात केव्हाच बंद झाली. आता दंडावर चार-पाच डोस असतात आणि जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटीबॉडी, भरतात. चावणाऱ्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवतात हे खरं, पण त्या दहा दिवसांची वाट बघत लस लांबवायची नसते. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की उपाय जवळजवळ नाहीच.

कार्डावर नसलेले आजार

सगळ्या लशी झाल्या म्हणजे कुत्रं सुरक्षित, हा समज गोचीड मोडून काढते. टिक फीवरवर, म्हणजे गोचिडीतून होणाऱ्या तापावर, आपल्याकडे नेहमीच्या वापरातली लस नाही. भरलेली मादी कुत्र्यावरून उतरते, भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीमागे जाऊन हजारोंनी अंडी घालते. म्हणजे कुत्र्यावर दिसतात त्याच्या कितीतरी पट गोचिड्या घरात असतात. नुसतं कुत्रं आंघोळ घालून उपयोग नाही, फटी बुजवा, गोणपाट उन्हात टाका किंवा जाळा, डॉक्टरांना विचारून घरातही फवारणी करा. चिकटलेली गोचीड रॉकेल लावून किंवा उदबत्तीने चटका देऊन काढू नका. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. ताप, फिकट हिरड्या, नाकातून रक्त, चहासारखी लघवी यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासा.

एक धोक्याची सूचना ठळक अक्षरात लिहावी अशी: कुत्र्याचं गोचिडीचं औषध मांजराला लावू नका. त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर मांजर थरथरू लागतं, झटके येतात, मरतं. औषध लावलेल्या कुत्र्याला बिलगून झोपणाऱ्या मांजरालाही धोका असतो. चुकून लागलंच तर कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुऊन तडक दवाखान्यात न्या. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्याला आयब्युप्रोफेन देऊ नका. शिऱ्यातल्या मनुका, रश्श्यातला कांदा-लसूण आणि चॉकलेट दोघांच्याही ताटलीबाहेर.

लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य आजाराची) लस कार्डावर असते, पण तिची मुदत लक्षात राहत नाही. भातलावणीच्या दिवसांत कोकणात लेप्टोची भीती नवी नाही. तुंबलेल्या पाण्यातून आणि उंदरांच्या मुतातून तो कुत्र्याला होतो, आणि कुत्र्याकडून माणसाला. पहिल्या वर्षी दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, मग दरवर्षी एक. मी आता मे महिन्यातच उरकते. लेप्टोचे सगळे प्रकार या लशीत येत नाहीत, म्हणून अंगणातलं पाण्याचं भांडं रात्री पालथं घालायचं आणि सकाळी ताजं भरायचं.

तारीख चुकलीच तर

डोस चार-सहा दिवस मागे पडला तर घाबरू नका, पण "आता पुढच्या महिन्यात" असंही करू नका. पिल्लाच्या दोन डोसांत सहा आठवड्यांहून अधिक खंड पडला असेल तर बहुधा पुन्हा दोन डोस देतात. लेप्टोचा वार्षिक डोस बराच काळ चुकला तर तीही दोन डोसांपासून सुरू करावी लागते. कार्ड हरवलं असेल आणि काहीच आठवत नसेल तर लस झालीच नाही असं धरून चालतात. जास्तीच्या एखाद्या डोसाने सहसा नुकसान होत नाही. स्टिकर लावल्यावर कार्डाचा फोटो काढून घरातल्या दोघांना तरी पाठवून ठेवा.

कुणी कुत्र्यासह परदेशी जाणार असेल तर क्रम फार महत्त्वाचा. माझ्या भाच्याने जर्मनीला जाण्याआधी कुत्र्याला रेबीजची लस दिली आणि महिन्याने मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप) बसवली. युरोपीय संघाला आधी चिप लागते, मग लस. लशीनंतर निदान ३० दिवसांनी रक्ताची अँटीबॉडी चाचणी, आणि भारतातून जाताना त्या रक्ताच्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. चिपेआधीची लस कागदावर धरली जात नाही. भाचा नोकरीवर वेळेत रुजू झाला, कुत्रं मात्र त्याच्या आईजवळ उन्हाळाभर राहिलं.