डोळ्यांतून सारखं पाणी येतं? मग कोरडेपणा तपासून घ्या

दुपारी चारनंतर मला एका अनुस्वाराचे दोन दिसायचे. गिरगावातल्या एका छापखान्यात मी 28 वर्षं प्रुफं वाचते आहे. पूर्वी कागदावर, आता बहुतेक स्क्रीनवर. पापणी मिटून उघडली की टिंब पुन्हा एक व्हायचं. नंबर वाढला असं समजून वर्षात दोनदा चष्मा बदलला. दोन्ही वेळा नंबर वेगळा निघाला आणि त्रास होता तसाच राहिला. त्यात डोळ्यांतून पाणी. चर्नी रोडच्या पुलावर वारा लागला की थेट गालावर ओघळायचं. म्हणून डॉक्टरांनी 'डोळे कोरडे आहेत' म्हटल्यावर मी म्हणाले, "अहो, माझे डोळे तर गळतात!"

गळतात, कारण ते कोरडे आहेत. अश्रू म्हणजे नुसतं खारट पाणी नव्हे. बुबुळाला धरून श्लेष्माचा लेप, त्यासोबत पाणी आणि सगळ्यांत वर तेलाचा तवंग. रश्श्यावर तर्री असते तसा हा तवंग पाण्यावर झाकण धरतो. तेल येतं पापण्यांच्या कडेतल्या बारीक ग्रंथींतून. वरच्या पापणीत साधारण 25 ते 40, खालच्या पापणीत 20 ते 30. हाइनरिश मायबोम या जर्मन वैद्याने 1666मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. तेल घट्ट होऊन त्यांची तोंडं बुजली की पाणी पटकन उडून जातं, बुबुळ चुरचुरतं आणि त्यावर उपाय म्हणून शरीर पाण्याचा लोंढा सोडतं. तो लोंढा डोळ्यात ठरत नाही. ज्यांना मुळात पाणीच कमी तयार होतं असेही रुग्ण असतात, पण तेलाची गडबड जास्त लोकांत आढळते. मुंबईच्या दमट हवेत डोळे कोरडे कसे, हा प्रश्न मला सगळे विचारतात. हवा दमट असली तरी बुजलेली ग्रंथी त्याने उघडत नाही. शिवाय आपण दिवसभर बसतो एसीत आणि रात्री पंखा घेतो तोंडावर.

आधी तपासणी करून घ्या. डोळ्यात पिवळा-नारिंगी रंग घालून अश्रूंचा थर किती सेकंदांत तुटतो ते पाहतात. 10 सेकंदांच्या आत तुटला तर थर अस्थिर. माझा चार सेकंदांत तुटला. दुसऱ्या चाचणीत खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत ती किती मिलिमीटर भिजते ते मोजतात. सोबत तुमच्या सगळ्या गोळ्यांची यादी न्या. अ‍ॅलर्जीच्या, नैराश्याच्या काही गोळ्या, मुरुमांवरची आयसोट्रेटिनॉइन यांनी डोळे कोरडे पडतात. पाळी थांबण्याच्या वयात बायकांना हा त्रास वाढतो. माझी सुरुवात तेव्हाचीच. तोंडही कोरडं पडत असेल, सांधे दुखत असतील तर ते आवर्जून सांगा. त्यामागे शोग्रेन सिंड्रोम (यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते) किंवा आमवात असू शकतो, आणि त्याची तपासणी वेगळी होते.

आता घरचं काम. कृत्रिम अश्रूंच्या थेंबांपेक्षा मी याला जास्त मान देते, कारण मला खरा फरक यानेच पडला. सुती पंच्याचा तुकडा सोसवेल इतक्या गरम पाण्यात पिळून घ्या, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा, मग मिटलेल्या डोळ्यांवर ठेवा. मुंबईच्या नळाचं पाणी थेट वापरत नाही मी. उकळून सोसवेल इतकं निवलेलं घेते. कापड मिनिटभरात थंड होतं, तेव्हा पुन्हा पिळायचं. असं दहा मिनिटं. बहुतेक लोक दोन मिनिटांत आटोपतात आणि शेकाने काही होत नाही म्हणतात. घट्ट झालेलं तेल वितळायला तेवढा वेळ लागतोच. लगेच स्वच्छ बोटाने वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, म्हणजे केसांच्या दिशेने, हलक्या हाताने चोळा. बुबुळावर दाब नको. शेवटी ओल्या कापसाने पापण्यांच्या मुळाशी साचलेली खपली पुसा. सुरुवातीला दिवसातून दोनदा, पुढे एकदा. मला दुसऱ्या महिन्यात फरक कळायला लागला.

पापणी मिटण्याकडेही लक्ष द्या. एरवी आपण मिनिटाला 15 ते 20 वेळा पापणी लववतो; स्क्रीनपुढे हा आकडा निम्म्याखाली जातो, आणि पापणी अर्धवटच मिटते. मी प्रत्येक परिच्छेद संपला की डोळे पूर्ण मिटते, दोन मोजते, मग उघडते. स्क्रीन नजरेच्या जरा खाली ठेवा, म्हणजे डोळा कमी उघडा राहतो. एसीचा झोत चेहऱ्यावर नको. लोकलच्या दारात उभं राहणाऱ्यांनी आणि बाइकवाल्यांनी चष्मा घालावा. मेट्रोच्या खोदकामाची धूळही त्याने अडते.

थेंब घालताना खालची पापणी ओढून खोबण करा, एकच थेंब टाका, डोळा मिटा, नाकाकडचा कोपरा मिनिटभर दाबा. दुसरा थेंब वायाच जातो, डोळ्यात तेवढी जागा नसते. दिवसात चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे औषध टिकवणारं रसायन, नसलेले मागा. बेंझाल्कोनियम क्लोराइडसारखे घटक वारंवार पडले की बुबुळाला त्रास देतात. रात्रीसाठी जेल असतं, पण त्याने धुरकट दिसतं, म्हणून झोपतानाच. मला डॉक्टरांनी सायक्लोस्पोरिन हे दाह कमी करणारं औषधही थेंबांतून दिलं. ते पहिले काही आठवडे झोंबतं आणि पूर्ण गुण यायला महिने लागतात. झोंबतं म्हणून आपल्या मनाने सोडू नका, डॉक्टरांना विचारा.

मध, गुलाबपाणी, एरंडेल डोळ्यात घालू नका. शेजारच्या काकूंनी मायेने मध दिला होता, तो मी चहात घातला. लाली घालवणारे थेंबही नकोत. बंद केले की लाली दुप्पट जोराने येते. 2023च्या पावसाळ्यात डोळे यायची साथ होती तेव्हाची उरलेली बाटली मी पुढे आठवडाभर वापरली होती. डॉक्टरांनी लेबल वाचलं तर ते स्टेरॉइड. देखरेखीविना ते चालू ठेवलं तर डोळ्याचा दाब वाढतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. त्यांनी त्याच वेळी दाब मोजला, नशिबाने ठीक निघाला.

माशाच्या तेलाच्या गोळ्यांवर मी पैसे घातले नाहीत. 2018मध्ये आलेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात वर्षभर माशाच्या तेलातलं ओमेगा-3 घेणारे आणि ऑलिव्ह तेल घेणारे यांच्या डोळ्यांच्या कोरडेपणात फरक दिसला नाही. बांगडा मी खाते तो चवीसाठी.

जोराची कळ, उजेड न सोसणं, दृष्टी अचानक कमी होणं, बुबुळावर पांढरा डाग, किंवा कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा एकच डोळा लाल होऊन दुखणं, हे कोरडेपणात मोजू नका. अशा वेळी शेक थांबवा, लेन्स काढा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. घालत असाल त्या सगळ्या बाटल्या आणि ती लेन्स डबीसकट सोबत न्या.