टायमिंग बेल्ट घरच्या घरी: आधी खुणा, मग पाना

टायमिंग बेल्ट म्हणजे क्रँकच्या (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) जोरावर कॅम (वॉल्व उघडणारा दांडा) फिरवणारा पट्टा. तो बदलायला पाना उचलण्याआधी आपल्या गाडीत बेल्ट आहे की चेन, ते पाहून घ्या. मारुती ८००, जुनी ११०० सीसी वॅगन-आर, सॅन्ट्रो झिंग, इंडिका डिझेल, डस्टर डिझेल या गाड्यांत दातेरी रबरी बेल्ट असतो. स्विफ्टच्या के-सिरीज पेट्रोलला आणि १.३ डिझेलला चेन असते, त्यामुळे तिथे बेल्ट बदलायचा प्रश्नच येत नाही. खाली जे लिहिलंय ते साध्या पेट्रोल इंजिनासाठी आहे. डस्टरसारख्या डिझेलला क्रँक आणि कॅम जागेवर धरणाऱ्या खास पिना लागतात. त्या हाताशी नसतील तर ते काम घरी काढू नका.

बेल्ट कधी बदलायचा ते मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि वर्षं अशा दोन्ही हिशेबांत दिलेलं असतं. जे आधी येईल ते धरायचं. मुंबईत किलोमीटरवर फारसा विश्वास ठेवू नये. सरासरी ताशी २० किलोमीटरने रखडत चालणारी गाडी ६०,००० किलोमीटर होईपर्यंत ३,००० तास चालते. हायवेवर ताशी ६० ने तेवढंच अंतर १,००० तासांत होतं. सिग्नलला गाडी उभी असली तरी बेल्ट फिरतच असतो. त्यात पावसात तुंबलेल्या हिंदमाता किंवा सायनच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर बेल्टच्या खालच्या कव्हरमधून चिखल आत जातो, आणि ती बारीक रेती दातांना आणि टेन्शनरच्या (बेल्ट ताणून धरणारं चाक) बेअरिंगला खाते.

नुसता बेल्ट आणू नका. टेन्शनर, असेल तर आयडलर (बेल्टला नुसती वाट देणारं चाक), कॅम आणि क्रँकची ऑइल सील हे सगळं सोबत घ्या. वॉटर पंप याच बेल्टवर फिरत असेल तर तोही घ्या. पाचशे रुपयांचं बेअरिंग वाचवलं आणि ते सहा महिन्यांनी जाम झालं, तर नवा बेल्टही त्याच्याबरोबर जातो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला सगळं मिळतं, नकली मालही त्यातच असतो. म्हणून पार्ट नंबर चेसिस नंबरवरून काढून न्या, आणि घरी आल्यावर नवा-जुना बेल्ट शेजारी ठेवून रुंदी, दाताचा आकार आणि एकूण दात मोजा. दात गोल आहेत की चौकोनी, हेही बघा. बेल्ट पिळू नका, उलटा दुमडू नका, खिळ्याला टांगून ठेवू नका. आतले धागे तुटतात आणि बाहेरून काही दिसत नाही.

जागा सपाट हवी. सोसायटीच्या पार्किंगला उतार असेल किंवा वरून पाऊस येत असेल, तर ते काम दुसऱ्या दिवशी करा. हत्यारांत १० ते २२ एमएमचे सॉकेट, लांब दांड्याचा ब्रेकर बार, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना), ट्रॉली जॅक आणि दोन जॅक स्टँड लागतात. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालायचा नाही. शिवाय लाकडाचा एक ठोकळा आणि व्हाइटनरचं पेन.

इंजिन पूर्ण थंड असू द्या. बॅटरीची निगेटिव्ह काढा. टायमिंगच्या बाजूचं पुढचं चाक, आतलं प्लास्टिक आणि फॅन बेल्ट काढा. स्पार्क प्लगही काढून ठेवा, इंजिन हाताने हलकं फिरतं. मग ऑइल संपखाली (इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं) ठोकळा ठेवून जॅकने इंजिनाला नुसता आधार द्या आणि त्या बाजूचं फाउंडेशन (इंजिन माउंटिंग) सोडा.

आता क्रँक पुलीचा बोल्ट. बहुतेकांचं काम इथेच अडतं. गाडी सगळ्यात वरच्या गिअरमध्ये टाका, कुणाला तरी ब्रेक घट्ट दाबून बसवा आणि ब्रेकर बारने बोल्ट ढिला करा. स्टार्टर मारून बोल्ट सोडवायची युक्ती काही जण सांगतात. दांडा उडून हात मोडतो, करू नका. बोल्ट फक्त ढिला करायचा, काढायचा नाही. तो सोडवताना क्रँक थोडा हलतोच, म्हणून खुणा त्यानंतर जुळवायच्या.

गाडी न्यूट्रलला आणा. वरचं कव्हर काढा आणि क्रँकचा बोल्ट इंजिन फिरतं त्याच दिशेने, बहुतेक गाड्यांत घड्याळाच्या काट्याप्रमाणे, हळूहळू फिरवा. पुलीवरची खाच कव्हरवरच्या शून्याच्या किंवा टीच्या खुणेशी आली की कॅमच्या स्प्रॉकेटची (बेल्टचं दातेरी चाक) खूण बघा. ती इंजिनाच्या हेडवरच्या खुणेशी नसून समोरच्या बाजूला असेल, तर क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवा, कारण क्रँकच्या दोन फेऱ्यांना कॅमचा एकच फेरा होतो. खुणा जुळल्या की पुली आणि खालचं कव्हर काढा. आता खरी खूण क्रँकच्या स्प्रॉकेटवरची, ती ऑइल पंपाच्या बॉडीवरच्या खुणेशी जुळली पाहिजे. दोन्ही ठिकाणी व्हाइटनरने ठिपके द्या आणि समोरून सरळ फोटो काढा. तिरक्या फोटोत अर्धा दात चुकीचा दिसतो.

टेन्शनर ढिला करून जुना बेल्ट काढा. यानंतर क्रँक किंवा कॅम एकटा फिरवायचा नाही. बऱ्याच इंजिनांत पिस्टन वर असताना उघडा वॉल्व त्याच्यावर आपटतो आणि वाकतो. मग हेड उतरवण्याशिवाय पर्याय नाही. सील तेलकट असतील तर आताच बदला, कारण तेल लागलेला बेल्ट लवकर मरतो. स्प्रॉकेट कोरड्या फडक्याने पुसा. बेल्टला पेट्रोल, ग्रीस, स्प्रे काहीही लावू नका.

नवा बेल्ट आधी क्रँकवर, मग टेन्शनर नसलेल्या बाजूने ताणून कॅमवर, आणि शेवटी टेन्शनरवर. ढिलाई सगळी टेन्शनरच्या बाजूला यायला हवी. बेल्टवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने. स्क्रू ड्रायव्हरने उचकटून बसवायचा नाही. बसत नसेल तर टेन्शनर पुरता मागे गेलेला नाही. स्प्रिंगचा टेन्शनर असेल तर बोल्ट ढिले ठेवून स्प्रिंगला स्वतःचा ताण घेऊ द्या आणि मॅन्युअलमधल्या क्रमाने आवळा. ताण दाखवणाऱ्या काट्याचा टेन्शनर असेल तर काटा खाचेसमोर आणा. ताण जास्त झाला तर शिट्टीसारखा आवाज येतो आणि बेअरिंग जातं. कमी झाला तर बेल्ट कव्हरला फटकारतो आणि एखाद दिवशी दात सोडतो.

आता क्रँक हाताने सावकाश पूर्ण दोन फेरे फिरवा आणि खुणा पुन्हा बघा. कुठेही टणक अडलं तर थांबा, जोर लावू नका. खूण एका दाताने सरकली असेल तर ‘चालेल’ म्हणायचं नाही. क्रँकच्या स्प्रॉकेटला २० दात असतील तर एक दात म्हणजे १८ अंशांची चूक. गाडी सुरू होईलही, पण पिकअप मेलेला, आयडलिंग थरथरतं आणि चेक इंजिनचा दिवा लागलेला. सगळं सोडून परत बसवा, अर्धा तास जाईल.

खुणा बरोबर असतील तर कव्हर, पुली, फाउंडेशन परत लावा. कव्हरची रबरी पट्टी फाटली असेल तर नवी घ्या, पावसाळ्यात तीच कामाला येते. क्रँकचा बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कलाच आवळा. अंदाजाने आवळलेली पुली सुटली की तिला क्रँकवर अडकवणाऱ्या चावीची खाच खाऊन टाकते. पंप बदलला असेल तर कूलंट भरून सिस्टीममधली हवा काढा. जुनं कूलंट गटारात ओतू नका आणि उघडंही ठेवू नका. चवीला गोड असतं, बिल्डिंगखालची कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

प्लग आणि बॅटरी लावून गाडी सुरू करा, रेस न देता पाच-दहा मिनिटं आयडलला चालू द्या आणि कव्हरजवळ कान द्या. घासल्याचा किंवा शिट्टीचा आवाज आला तर लगेच बंद करा. नाही आला तर तारीख आणि किलोमीटर कव्हरवर मार्करने लिहून ठेवा.