हॅस्केलमध्ये वेब फॉर्म: कच्चा मजकूर दारातच थांबवा

ब्राउझर पाठवतो तो नुसता मजकूर. वय असो, तारीख असो की होकार, सर्व्हरच्या हाती पडतात नाव आणि मूल्य यांच्या जोड्या. हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेत हा मजकूर आत येतानाच एकदा तपासून टाइपमध्ये, म्हणजे मूल्याच्या ठरलेल्या प्रकारात, बसवावा. पुढच्या फंक्शनांना तो दिसूच नये.

त्यासाठी आधी दोन रेकॉर्ड (नाव दिलेल्या फील्डांचे गट) करा. ‘कच्ची नोंदणी’मध्ये सगळी फील्ड टेक्स्ट. ‘नोंदणी’मध्ये नाव, ईमेल आणि वय यांचे वेगवेगळे न्यूटाइप (जुन्या टाइपवर चढवलेलं नव्या नावाचं वेष्टण). मॉड्यूलमधून टाइप आणि तपासून तो बनवणारं फंक्शन एवढंच एक्स्पोर्ट करा, कन्स्ट्रक्टर (न तपासता थेट मूल्य बनवणारा) नको. मग रिकाम्या नावाची नोंदणी बाहेरून कुणाला बनवताच येत नाही.

आलेल्या जोड्या लगेच मॅपमध्ये (नावावरून मूल्य शोधायच्या रचनेत) ओतू नका. एकाच नावाचे तीन चेकबॉक्स निवडले असतील, तर मॅप बनवणारं फ्रॉमलिस्ट हे फंक्शन त्यातला शेवटचाच ठेवतं. आणखी एक फरक लक्षात ठेवा: मोकळं सोडलेलं टेक्स्ट फील्ड रिकाम्या मूल्यासह येतं, पण खूण न केलेला चेकबॉक्स येतच नाही. म्हणून चेकबॉक्स गायब म्हणजे ‘नाही’, आणि टेक्स्ट फील्ड गायब म्हणजे बहुधा फॉर्ममधलं नाव आणि कोडमधलं नाव जुळत नाही. टेक्स्टएरिआत (अनेक ओळींच्या फील्डात) एका एंटरची दोन कॅरेक्टर येतात. लांबी मोजण्याआधी त्यांचं एक करून घ्या.

सर्वात जास्त घात होतो तो आकड्यांत. मजकुरातून मूल्य वाचणारं ‘रीड’ वापरूच नका, चुकीच्या मजकुरावर ते एक्सेप्शन फेकतं. ‘रीडमेबी’ बरं, ते एक्सेप्शन न फेकता ‘नथिंग’ देतं, पण थेट इंटमध्ये (ठरावीक बिटांच्या पूर्णांकात) वाचलंत तर फसाल: ६४ बिटांच्या मशीनवर १८४४६७४४०७३७०९५५१६४१ हा आकडा मुकाट्याने २५ होतो आणि वयाच्या तपासणीतून सहीसलामत सुटतो. आधी इंटिजरमध्ये (कितीही मोठ्या पूर्णांकात) वाचा, मर्यादा तपासा, मगच इंटमध्ये न्या. देवनागरी आकडे रीडमेबीला कळत नाहीत; ते स्वीकारायचे असतील तर वाचण्यापूर्वी एकेक अंक बदलून घ्यावा लागतो.

आता चुका. आयदर हा टाइप चूक ‘लेफ्ट’मध्ये आणि बरोबर उत्तर ‘राइट’मध्ये ठेवतो; तो पहिल्या ‘लेफ्ट’लाच थांबतो, मग भरणारा एक चूक सुधारतो, पुन्हा पाठवतो आणि दुसरी समोर येते. हा छळ टाळायला ‘व्हॅलिडेशन’ टाइप घ्या. त्याचा <*> हा ऑपरेटर दोन्ही बाजूंच्या चुका जोडतो, म्हणून चुकांचा टाइप सेमीग्रुप (ज्याची दोन मूल्यं जोडता येतात असा) हवा; नॉनएम्प्टी (किमान एक घटक असलेली) यादी उत्तम. प्रत्येक चुकीसोबत फील्डचं नाव ठेवा, नाहीतर संदेश कुठे दाखवायचा ते कळणार नाही.

व्हॅलिडेशन मोनाड (एकामागून एक पायऱ्या जोडू देणारा टाइप) नाही, आणि त्याला कारण आहे: मोनाडच्या पायऱ्या जोडणाऱ्या बाइंडमध्ये दुसरी पायरी पहिलीच्या उत्तरावर अवलंबून असते, पहिली फसली तर दुसरी चालतच नाही, मग तिच्या चुका गोळा कशा होणार? त्यामुळे ‘शेवटची तारीख सुरुवातीच्या नंतरची हवी’ अशी तपासणी दोन्ही तारखा स्वतंत्रपणे पास झाल्यावर करा, तेवढ्यापुरती आयदरमध्ये.

चूक निघाली की फॉर्म परत दाखवताना मूल्यं कच्च्या रेकॉर्डमधून भरा: ‘पंचवीस’ लिहिलं असेल तर ‘पंचवीस’च दिसलं पाहिजे. पासवर्डचं फील्ड मात्र मोकळं ठेवा.