वरच्या मजल्याचा फ्लश आपल्या बेडरूममध्ये ऐकू येऊ नये म्हणून

ड्रेनेजचा आवाज बहुतेक वेळा पाण्यापेक्षा भिंतीमुळे वाढतो. पातळ पाइप लोखंडी क्लॅम्पने भिंतीला थेट आवळला की त्याची थरथर सगळ्या खोलीत उतरते. म्हणून क्लॅम्प आतून रबर लावलेलेच घ्या. स्लॅबमधून पाइप जातो तिथे त्याभोवती फोमची पट्टी गुंडाळून मगच सिमेंट भरा. प्लंबर ही पायरी हमखास गाळतात, समोर उभे राहा. उभी लाइन खाली आडवी वळते तिथे ९० अंशांचा एकच बेंड नको, ४५ चे दोन लावा. पाणी आदळत नाही, तुंबणंही कमी होतं. त्या वळणाला खालून भक्कम आधार हवाच.

पाइप घेताना आयएस १३५९२ हा पीव्हीसी ड्रेनेज पाइपच्या भारतीय मानकाचा क्रमांक आणि ‘टाइप बी’ छापलंय का, ते पाहा. टाइप ए पावसाच्या पाण्यासाठी आणि हवेच्या नळीसाठी असतो. स्वस्त म्हणून तोच संडासाच्या लाइनला गळ्यात मारतात. रबर रिंगच्या जोडात पाइप पूर्ण आत ठोकू नका, उन्हाने लांबी वाढते, साधारण १० मिमी जागा सोडा. डक्ट, म्हणजे पाइप जातात तो उभा कप्पा, बंद करण्याआधी लाइन पाण्याने भरून गळती तपासा.